चेनला तेल लावताय, पण कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी दीडशे सीसीची, चेन रबरी रिंगांची, १४ हजार किलोमीटर झालेली. दर रविवारी पेट्रोल आणि तारेच्या ब्रशने चेन धुऊन वर चेन स्प्रे मारला जातो. तरी आवाज येतोच. मेकॅनिकने ताणून दिली की दोन-चार दिवस बरे जातात, मग पुन्हा लोंबते. चाक हाताने फिरवलं तर चेन एका जागी ताठ, दुसऱ्या जागी सैल लागते. एक जण सांगतो नव्वद नंबरचं गियर ऑइल लावा, दुसरा सांगतो ग्रीस थापा, तिसरा म्हणतो रिंगवाल्या चेनला काही लावायचंच नसतं. यातलं खरं कोणाचं?

तिघांचंही थोडं थोडं खरं आहे, पण त्या वादात शिरण्याआधी हे सांगतो की तुमची चेन बहुतेक संपलेली आहे. ताठ-सैल जागा आणि ताणल्यावर लगेच परत लोंबणं ही दोन्ही लक्षणं एकत्र असतील तर कुठलंही तेल तिला परत आणणार नाही. आणि दर रविवारी इतक्या निगुतीने काळजी घेऊनही ती संपली, याचं कारण त्या काळजीतच आहे. म्हणून उत्तर जरा लांबणार. नवी चेन त्याच वाटेने जाऊ नये एवढाच हेतू.

चेन नेमकी झिजते कुठे, तिथून सुरू करू. एक कडी नीट निरखून बघा. बाहेरच्या दोन पट्ट्या दोन पिनांनी जोडलेल्या असतात. आतल्या दोन पट्ट्या दोन पोकळ बुशांनी, म्हणजे छोट्या नळ्यांनी, जोडलेल्या असतात. बाहेरच्या कडीची पिन आतल्या कडीच्या बुशमधून आरपार जाते आणि बुशवर बाहेरून एक रोलर सैल फिरत असतो. १८८० साली हान्स रेनॉल्डने मँचेस्टरमध्ये या बुश-रोलर चेनचं पेटंट घेतलं. त्यानंतर पोलाद सुधारलं, रबरी रिंगा आल्या, सांधा मात्र तोच राहिला. या सांध्यात घर्षणाच्या जागा दोन: पिन बुशच्या आत घासते आणि रोलर बुशच्या बाहेरून घासतो. आपल्याला वरून दिसतात त्या पट्ट्यांच्या बाजू. त्या कशावरच घासत नाहीत. म्हणजे चकचकीत दिसणाऱ्या आणि स्प्रेने न्हाऊन निघालेल्या बाजूला तेलाची गरज गंजापुरतीच असते. तेल हवं असतं ते न दिसणाऱ्या जागी.

त्या न दिसणाऱ्या जागेवर किती काम पडतं याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. १७ इंची रिमवरच्या नेहमीच्या टायरचा घेर साधारण १.९ मीटर धरा, मागच्या स्प्रॉकेटला (चेन ज्यावर बसते त्या दातेरी चकतीला) ४५ दात आणि चेन ११८ कड्यांची. ताशी ६० च्या वेगाला चाक सेकंदाला साडेआठ-पावणेनऊ फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ३८० हून जास्त कड्या स्प्रॉकेटवरून जातात आणि प्रत्येक कडी सेकंदाला तीनहून जास्त वेळा पूर्ण चक्कर मारते. एका चकरीत सांधा चार वेळा वळतो: पुढच्या स्प्रॉकेटवर चढताना आणि उतरताना, मागच्यावर चढताना आणि उतरताना. तासाभरात एकेक सांधा चाळीस हजारांच्या वर वेळा वळतो, तोही ओढीखाली असताना. हे कोरड्या लोखंडावर लोखंड घासून झालं तर काय होईल ते सांगायला नको.

'चेन वाढली' असं आपण म्हणतो तेव्हा पट्ट्या रबरासारख्या ताणल्या गेलेल्या नसतात. पिन बारीक झालेली असते, बुश आतून मोठा झालेला असतो आणि प्रत्येक सांध्यात तेवढी फट पडलेली असते. एका सांध्यात फक्त ०.१ मिमी झीज झाली तरी ११८ सांध्यांची बेरीज १२ मिमीच्या जवळ जाते. सगळे सांधे सारखेच झिजले तर चेन सगळीकडे सारखी वाढते आणि ताणून भागतं. काही सांधे कोरडे पडून जास्त झिजले तर चेनचा एक भाग लांब आणि दुसरा मूळ मापाचा राहतो. तुमची ताठ-सैल जागा हीच. सैल जागेच्या मापाने ताणली की ताठ जागा वाजवीपेक्षा ताणली जाते, तिथले चांगले सांधेही मरतात, आणि मेकॅनिककडच्या फेऱ्या सुरू होतात.

आता रिंगा. रिंगवाल्या चेनमध्ये पिन आणि बुश यांच्यामध्ये कारखान्यातच ग्रीस भरतात आणि आतली पट्टी व बाहेरची पट्टी यांच्या मधोमध रबरी रिंग बसवून ते ग्रीस कोंडतात. ओ आकाराची रिंग असो की एक्स आकाराची, काम तेच. एक्स आकाराची रिंग कमी दाबात चांगली बसते आणि तिचं घर्षण कमी असतं. या ग्रीसपर्यंत तुम्ही बाहेरून लावलेलं काहीही पोहोचत नाही आणि पोहोचायलाही नको, कारण जिथून तेल आत जाईल तिथून ग्रीस बाहेर येईल आणि पाणी आत शिरेल. म्हणून 'काही लावायचं नसतं' म्हणणाऱ्याचं अर्धं बरोबर. उरलेलं अर्धं असं की रोलर आणि बुश यांच्यातली फट रिंगांच्या आत येत नाही, ती उघडीच असते. रोलर दातावर आदळतो तिथेही तेलाचा थर लागतो. रिंगा कोरड्या पडल्या तर पट्टीवर घासून चिरतात. आणि पट्ट्यांना गंज चढला की तो खरखरीत गंज रिंगेलाच खातो. त्यामुळे रिंगवाल्या चेनलाही तेल लागतं. फक्त थोडं, पातळ थरात आणि योग्य जागी.

बिनरिंगेच्या चेनची गोष्ट वेगळी. लहान सीसीच्या कितीतरी गाड्यांवर अजून तीच असते. तिच्या पिन-बुशमध्ये जे तेल असेल ते तुम्ही घातलेलं. तिथे तेलाला आत शिरता आलं पाहिजे, म्हणून पातळ आणि तरी भार सहन करणारं तेल हवं. ८० किंवा ९० ग्रेडचं गियर ऑइल कितीतरी मॅन्युअलमध्ये सुचवलेलं असतं ते याचसाठी. पूर्वी अशा चेना काढून, धुऊन, तापवून पातळ केलेल्या ग्रीसमध्ये बुडवून ठेवायची रीत होती. उष्णतेने ग्रीस सांध्यात शिरायचं आणि थंड झाल्यावर तिथेच थिजायचं. पद्धत उत्तम होती, पण रिंगवाल्या चेनवर हा प्रयोग चुकूनही करू नका. रिंगा जातील आणि आतलं मूळ ग्रीसही जाईल.

थंड ग्रीस बोटाने वरून थापणं म्हणजे मात्र ती रीत नव्हे. ते आत शिरत नाही, बाहेर बसतं, धूळ आणि वाळू धरून ठेवतं, आणि दोन-चारशे किलोमीटरमध्ये त्याची व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखी लेई होते. ही लेई रोलरच्या कडेला आणि स्प्रॉकेटच्या दातांवर तिचं काम इमानदारीने करते. ग्रीस सांगणाऱ्याचं खरं एवढंच की पिनेला ग्रीस लागतं; ते कारखान्यात भरलेलं असतं. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल लावणारेही पुष्कळ आहेत. फुकट मिळतं हे एकच कारण. त्यात इंजिनातली धातूची बारीक भुकटी आणि जळणातून आलेली आम्लं असतात. ज्या तेलाला इंजिनाने टाकाऊ ठरवलं ते चेनला कशाला? अगदी अडलं असेल, चेन कोरडी ठणठणीत असेल आणि जवळ दुसरं काही नसेल तर नवं इंजिन ऑइल चालेल.

स्प्रे की गियर ऑइल, यावर लोक हिरिरीने भांडतात. माझ्या लेखी फरक फार नाही. स्प्रेमध्ये पातळ द्रावक असतो. तो तेलाला फटीत नेतो, मग उडून जातो आणि चिकट थर मागे राहतो. हा थर कमी उडतो, पण धुळीत जास्त घाण धरतो. गियर ऑइल आत छान जातं, स्वस्त पडतं, पण पुसलं नाही तर रिमवर आणि टायरवर उडतं. धुळीच्या रस्त्याला मेणासारखा कोरडा थर देणारा स्प्रे बरा, सततच्या पावसात चिकट थर बरा. डब्यावर 'ओ-रिंगला चालेल' असं लिहिलेलं आहे का, एवढं मात्र बघून घ्या. गंज सोडवायचे जे पातळ स्प्रे मिळतात त्यांना चेनचं वंगण समजू नका. ते पाणी हटवतात, जाम झालेला नट सोडवतात, आणि मागे राहणारा थर इतका पातळ असतो की भाराखाली टिकत नाही.

धुण्याकडे येतो, कारण तुमच्या चेनचं नुकसान मला वाटतं तिथेच झालं. पेट्रोल रबराला फुगवतं आणि वाळल्यावर कडक करतं. तारेच्या ब्रशचे दाते बरोबर दोन पट्ट्यांच्या फटीत शिरतात आणि तिथेच रिंग असते. दर आठवड्याला हे दोन्ही केलं म्हणजे रिंगेला आधी कमकुवत करून मग ओरबाडल्यासारखं झालं. एकेका सांध्याची रिंग फाटली, त्याचं ग्रीस गेलं, आणि नंतर मारलेला स्प्रे आत पोहोचलाच नाही, कारण उरल्यासुरल्या रिंगेने त्याला बाहेरच ठेवलं. फाटक्या रिंगेच्या सांध्याची ही अडचण असते: ग्रीस बाहेर जायला वाट आहे, तेल आत जायला धड नाही. खात्री करायची असेल तर चेन पुसून एकेक कडी प्रकाशात बघा. कुठे रिंग गायब असेल, कुठे चुरगळून बाहेर आलेली असेल, आणि अशा सांध्याच्या फटीतून तांबूस भुकटी निघत असेल. ती भुकटी म्हणजे आतली पिन कोरडी घासली जात असल्याची खूण. पेट्रोलचं आणखी एक आहे, ते थंडीतही पेट घेणारी वाफ सोडतं. बंद पार्किंगमध्ये उघड्या भांड्यात पेट्रोल घेऊन बसणं हे चेनपेक्षा माणसाला धोक्याचं आहे. जास्त दाबाच्या पाण्याचा फवाराही चेनवर जवळून मारू नका, तो रिंगेखाली पाणी घुसवतो.

धुवायला रॉकेल पुरेसं आहे, किंवा रिंगेला चालणारा चेन क्लीनर. डिझेल वापरणारे असतात. त्याने चेन मरत नाही, पण तेलकट थर मागे राहतो आणि पुसायचं काम वाढतं. जुना मऊ टूथब्रश घ्या. मागच्या टायरच्या आणि डिस्कच्या बाजूला पुठ्ठा आडवा धरा. रॉकेलने ओला केलेला ब्रश कड्यांच्या आतल्या बाजूने, बाहेरच्या बाजूने आणि रोलरवर फिरवायचा, घाण सुटली की कोरड्या फडक्याने लगेच पुसून घ्यायचं. चेन रॉकेलमध्ये भिजत ठेवायची नाही. आणि हे दर रविवारी करायची काहीच गरज नाही. बहुतेक वेळा नुसतं फडक्याने पुसून तेल लावणं पुरतं. रॉकेलची पाळी चेन खरोखर काळी आणि कचकचीत झाल्यावरच येते. वारंवार धुतलेल्या चेनपेक्षा वारंवार पुसलेली चेन जास्त टिकते, असं माझं ठाम मत आहे.

तेल लावायची वेळ गाडी चालवून आल्यावरची. चेन कोमट असते, तेल पातळ होऊन फटीत उतरतं, आणि रात्रभर गाडी उभी राहणार असल्याने द्रावक उडायला वेळ मिळतो. निघायच्या तोंडावर लावलेलं तेल पहिल्या दोन किलोमीटरमध्ये रिमवर जाऊन बसतं. गाडी डबल स्टँडवर घ्या. डबल स्टँड नसेल तर मागचं चाक उचलणारा स्टँड, तोही नसेल तर गाडी थोडी थोडी पुढे ढकलत टप्प्याटप्प्याने काम करा, वेळ लागतो पण होतं.

इथे एक गोष्ट जरा चढ्या आवाजात सांगतो. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, किल्ली काढून खिशात. इंजिन चालू ठेवून, पहिला गियर टाकून, फिरत्या चेनवर फडकं धरणारे लोक मी पाहिले आहेत. फडक्याचा एक धागा दातात अडकला की बोट त्याच्यामागून स्प्रॉकेटमध्ये जातं, आणि ब्रेक दाबायलाही वेळ मिळत नाही. चाक हातानेच फिरवायचं, आणि चेन स्प्रॉकेटवर जिथे चढते त्या कोपऱ्यापासून बोटं लांब ठेवायची. हाताने फिरणारं चाकही बोट चिरडू शकतं.

तेल चेनच्या आतल्या बाजूने लावायचं, म्हणजे खालच्या पदराच्या (दोन स्प्रॉकेटांमधल्या खालच्या सरळ भागाच्या) वरच्या अंगाला, जी बाजू स्प्रॉकेटच्या दाताला भिडते. फिरताना तेल बाहेर फेकलं जातं, त्यामुळे आत लावलेलं सांध्यातून जाऊन बाहेर येतं. बाहेर लावलेलं नुसतंच उडतं. रिंगवाल्या चेनला रोलरच्या दोन्ही कडांना पातळ धार द्या आणि रिंगांच्या ओळीवरून एक हलका हात फिरवा. बिनरिंगेच्या चेनला आतली आणि बाहेरची पट्टी यांच्यामधली फट साधायची, दोन्ही बाजूंनी, कारण पिनेकडे जायची वाट तीच. प्रत्येक सांध्याला एक थेंब पुष्कळ झाला. चेन लॉकची, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी, कडी डोळ्यांसमोरून जाऊन परत आली की एक फेरी पूर्ण. मग दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि बाहेरून कोरड्या फडक्याने सगळं पुसून काढा. पुसणं लोक टाळतात, हात आखडतो, पण आत गेलेलं तेल फडक्याने निघत नाही आणि बाहेर राहिलेलं तेल धूळच गोळा करणार असतं. टायरवर किंवा डिस्कवर चुकून उडालं असेल तर तसंच निघू नका, आधी साफ करा.

किती किलोमीटरने? तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा पहिला. तो हाताशी नसेल तर ५०० किलोमीटर हा लक्षात ठेवायला सोपा आणि बऱ्याच गाड्यांना लागू पडणारा हिशेब आहे. रिंगवाली चेन कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर त्याहून जास्त थांबू शकते. पावसात भिजल्यावर किंवा गाडी धुतल्यावर मात्र किलोमीटर मोजत बसायचं नाही, चेन पुसून वाळली की लगेच हात फिरवायचा. पूर्ण बंद कव्हरची चेन असेल तर ती धुळीपासून वाचते खरी, पण डोळ्यांआड असल्याने विसरली जाते. कव्हरवरचं रबरी बूच काढून तेल घालता आणि ढील (चेनचा सैलपणा) बघता येते, आणि सर्व्हिसिंगला कव्हर उतरवून एकदा तरी पूर्ण चेन साफ करून घ्यावी.

आता ज्या गोष्टीबद्दल कोणी फारसं विचारत नाही आणि जिच्यामुळे माझ्या अनुभवात कोरडेपणापेक्षाही जास्त चेना जातात ती गोष्ट: ढील. चेन वाजते म्हणून ताणा, हा सल्ला सर्रास दिला जातो. ताणल्यावर आवाज थांबतोही, म्हणून माणसाला वाटतं काम झालं. पण मागचं चाक वर-खाली होतं ते स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या फाट्याच्या) पिव्हटभोवती, म्हणजे तो बिजागरासारखा जिथे वळतो त्या बिंदूभोवती, आणि हा पिव्हट पुढच्या स्प्रॉकेटच्या थोडा मागे असतो. दोघांचे केंद्र एक नसल्यामुळे सस्पेन्शन दबताना पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट यांच्यातलं अंतर बदलतं. पुढच्या स्प्रॉकेटचं केंद्र, पिव्हट आणि मागच्या चाकाचा दांडा म्हणजे अ‍ॅक्सल हे तीन बिंदू एका रेषेत येतात तेव्हा ते अंतर सर्वांत जास्त असतं. गाडी रिकामी उभी असताना स्विंगआर्म साधारण खाली झुकलेला असतो. दोघं जण बसले आणि खड्ड्यात आदळले की तो त्या रेषेकडे जातो आणि चेन आणखी ताणली जाते. उभ्या गाडीवर तुम्ही ठेवलेली ढील ही त्या क्षणासाठीची शिल्लक असते. ती ठेवली नाही तर चेनला जायला जागा उरत नाही, आणि सगळा ताण गियरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टच्या बेअरिंगवर, तिथल्या ऑइल सीलवर आणि चाकाच्या बेअरिंगवर येतो. पिन आणि बुश यांच्यातला वंगणाचा थरही या ताणाखाली पिळून बाहेर जातो. सैल चेन निदान आवाज करून सांगते. वाजवीपेक्षा ताठ चेन गप्प राहून बेअरिंग खाते. फार सैलही चालत नाही अर्थात, ती स्विंगआर्मवर आपटते, गियर बदलताना झटके देते आणि अतीच झाली तर स्प्रॉकेटवरून उतरते.

ढील मोजायची ती खालच्या पदराच्या मधोमध. चेन बोटाने खाली ओढा, मग वर दाबा; दोन टोकांमधलं अंतर म्हणजे ढील. रोजच्या वापराच्या लहान गाड्यांना ते साधारण २० ते ३० मिमी असतं, मोठ्या गाड्यांना ३० ते ४०, लांब सस्पेन्शनच्या गाड्यांना त्याहूनही जास्त. नेमका आकडा बहुधा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर छापलेला असतो, आणि तो साइड स्टँडवर मोजायचा की डबल स्टँडवर हेही तिथेच किंवा मॅन्युअलमध्ये असतं. यात गल्लत केली तर माप चुकतं, कारण दोन्हींत स्विंगआर्मची जागा वेगळी. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा आणि सर्वांत ताठ जागेला धरून ढील ठेवा, सैल जागेला धरून कधीच नाही. ताणून झाल्यावर दोन माणसं गाडीवर बसवून चेन पुन्हा हलवून बघा. थोडी तरी हलली पाहिजे.

ताणायची कृती अवघड नाही. अ‍ॅक्सलचा नट ढिला करा, मागे ड्रम ब्रेक असेल आणि ब्रेक प्लेटला टॉर्क रॉड असेल तर त्याचाही नट. दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखे, पाव-पाव फेरा फिरवत जा. स्विंगआर्मवरच्या खुणा दोन्हीकडे एकाच आकड्यावर आणा, पण त्या खुणांवर आंधळा विश्वास नको. पिव्हटच्या केंद्रापासून अ‍ॅक्सलच्या केंद्रापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजलं तर खरं कळतं. नट आवळताना अ‍ॅक्सल किंचित सरकतो आणि ठेवलेली ढील बदलते. म्हणून नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळायच्या ठरलेल्या जोराला) आवळून झाल्यावर ढील परत मोजायचीच. ड्रम ब्रेकच्या गाडीत आणखी एक काम उरतं: चाक मागे गेलं की ब्रेकचा रॉड ओढला जातो, पेडलची मोकळी चाल कमी होते आणि ब्रेक धरून राहू शकतो. रॉडचा नट सोडून चाल पूर्ववत करा आणि ब्रेक लाइट बरोबर वेळी लागतो का बघा. चाक तिरकं बसलं असेल तर महिन्याभरात स्प्रॉकेटच सांगतं: दातांची एकच बाजू घासून चमकायला लागते.

आवाजाचं निदान करताना चेनवरच अडून राहू नका. मागच्या हबमध्ये स्प्रॉकेट आणि चाक यांच्यामध्ये रबरं असतात, झटका गिळायला. ती झिजली की थ्रॉटल सोडताना-धरताना 'खट' होतं आणि लोक चेन ताणत बसतात. चाक जमिनीवर स्थिर धरून मागचं स्प्रॉकेट हाताने पुढे-मागे हलवून बघा. मोकळं खूप हललं तर रबरं बदला, स्वस्तात काम होतं. पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हरही वर्षातून एक-दोनदा उघडा. तिथे तेल आणि मातीचा इतका घट्ट थर साठतो की चेन त्यावरच घासत असते, आणि शाफ्टचा सील गळत असेल तर तोही तिथेच दिसतो.

चेन बदलायची वेळ झाली का, हे मोजपट्टीने मोजून ठरवता येतं. चेनचा नंबर कडीच्या पट्टीवर कोरलेला असतो. ४२८ मधला ४ म्हणजे दोन पिनांमधलं अंतर ४/८ इंच, १२.७ मिमी, ५२० मधला ५ म्हणजे ५/८ इंच, १५.८७५ मिमी. पुढचे दोन आकडे रुंदीचे. चेनचा एक पदर ताणून धरा आणि पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजा. नवी ४२८ असेल तर २५४ मिमी भरेल, नवी ५२० असेल तर ३१७.५. रिंगवाल्या चेनला एक टक्का वाढ ही मी सीमा मानतो, म्हणजे अनुक्रमे सुमारे २५६.५ आणि ३२०.७ मिमी; बिनरिंगेच्या चेनला दोन टक्क्यांपर्यंत चालवून घेता येतं. मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच पाळा. तीन-चार ठिकाणी मोजा, कारण तुमच्यासारख्या चेनमध्ये एका जागी माप ठीक येईल आणि दुसऱ्या जागी हद्द ओलांडलेली असेल. मोजपट्टी नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन पकडून मागे ओढा; निम्म्याहून जास्त दात उघडा पडला तर निकाल लागला.

बदलताना पुढचं स्प्रॉकेट, मागचं स्प्रॉकेट आणि चेन तिन्ही एकदम. वाढलेल्या चेनने दातांना तिच्या वाढीव मापाप्रमाणे घासून घेतलेलं असतं, दात एका बाजूला झुकलेले दिसतात. त्यावर नवी चेन चढवली तर ती काही हजार किलोमीटरमध्ये जुन्या वळणावर जाते. दोन-चार खराब कड्या काढून तिथे नवीन तुकडा जोडून देणारे असतात. तसलं करून घेऊ नका, नव्या-जुन्या मापाची चेन म्हणजे पुन्हा ताठ-सैलच. पिकअप वाढेल म्हणून पुढचं स्प्रॉकेट एक-दोन दात लहान बसवायचा मोहही टाळा. चेन गोल नाही, कोनाकोनाने वळते. दात जितके कमी तितका प्रत्येक कडीचा कोन मोठा आणि धक्का जास्त. १५ दातांवर चेनच्या वेगात साधारण २.२ टक्के चढउतार होतो, १३ दातांवर तो २.९ टक्क्यांवर जातो. सांध्याची झीज त्याच दिशेने वाढते.

तुमच्यापुरतं सांगायचं तर नवा सेट टाका, रिंगवालाच घ्या. लॉक क्लिपचं असेल तर क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला आलं आहे याची स्वतः खात्री करा; वरच्या पदरात बघाल तर ते पुढच्या स्प्रॉकेटकडे असायला हवं. उलट बसलेली क्लिप एखाद्या दगडाला किंवा कव्हरला अडकली तर निसटते. लॉकबरोबर आलेल्या चारही रिंगा बसवल्या का, तेही तिथेच उभं राहून बघा; घाईत त्या पाकिटातच राहतात. नव्या चेनवर कारखान्याचं चिकट ग्रीस असतं, ते धुऊन काढू नका. सुरुवातीला चेन थोडी बसते, त्यामुळे पहिल्या ५०० किलोमीटरला एकदा ढील मोजा, लागली तर नीट करा, आणि तेव्हाच तेलाचा पहिला हात फिरवा. तारेचा ब्रश इंजिनाच्या सायलेन्सरचा गंज काढायला ठेवून द्या.